तापवलेलं दूध

सुमाला, माझ्या सुनेला, पाचव्या महिन्यात डोहाळे लागले ते चीजचे. कैरी, चिंच मला समजते. हिला मात्र शहराच्या दुसऱ्या भागात, गोकुलममध्ये मिळतं ते मऊ, पांढरं चीज हवं होतं. मागच्या वर्षी हिचं बाळ पोटातच गेलं, म्हणून या खेपेला तिचा एकही डोहाळा अपुरा ठेवायचा नाही, असं मी ठरवलं होतं. आमच्या बोगादीहून रिक्षा केली आणि चीज घरी बनवणाऱ्या एका बाईंकडून डबा घेऊन आले.

सुमाने डबा उघडला, बोटाला लागलं तेवढं चाटलं. मी कौतुकाने म्हणाले, "घरचं आहे, नोडी, बघ तरी. त्या बाई दूध तापवतसुद्धा नाहीत, एकदम प्युअर."

तिचा चेहरा उतरला. "कच्च्या दुधाचं, आत्या?"

तिने लगेच डॉक्टरांना फोन लावला. त्या म्हणाल्या, कच्च्या दुधाचं मऊ चीज अजिबात नको, त्यातल्या जंतूंनी बाळाला धोका असतो. पाकिटावर पाश्चराइज्ड लिहिलेलं बरंचसं चालतं, पण वर पांढरी बुरशी धरलेलं तेही नको. वाफा येईपर्यंत नीट शिजवलं तर चालेल. एवढंसं चाटून बहुधा काही होणार नाही, पण पुढच्या काही आठवड्यांत ताप किंवा अंगदुखी वाटली तर लगेच या.

माझं डोकं गरगरायला लागलं. दही चालतं, पनीर चालतं, हे चालत नाही, आणि हेच शिजवलं की चालतं. "तुम्ही सगळे मिळून मला वेड लावणार," मी चिडून म्हणाले. राग खरा माझा माझ्यावरच होता. जन्मात कधी न तापवलेलं दूध मी या घरात कुणाला दिलं नाही, आणि त्या बाईंचा लखलखीत ओटा बघून भुलले.

डबा कचऱ्यात टाकला. मग येता-जाता सुमाच्या कपाळाला हात लावत राहिले. तिचं कपाळ गरम आहे की माझा हात, तेच कळेना.

"एनू आगल्ला, आत्या. काही होत नाही. स्वल्प बसा तुम्ही," ती म्हणाली. "मला पेलाभर दूध द्या, बस."

मी दिलं. तिने पेला ओठांपाशी नेला, थांबली आणि हळूच विचारलं, "तापवलंय ना?"

या घरात मला हे कधी कुणी विचारलं नव्हतं. सकाळपासून ते दोनदा तापवलं होतं. तरीही मी तिच्या हातून पेला घेतला, दूध परत पातेल्यात ओतलं आणि ते वर येईपर्यंत गॅसपाशी उभी राहिले.