सहा बोटांची बाई

एल आल्तो शहरातल्या त्या गल्लीत सकाळपासून रांग लागली होती, ती एका कवटीपुढे. कवटीचं नाव सिरिलो. डोक्यावर लोकरीची कानटोपी, दातांत सिगारेट, पुढ्यात कोकाची पानं. तिच्या वतीनं रुफिनोबुवा बोलायचे, कारण कवटीला जीभ नव्हती आणि बुवांना हातभर लांब होती.

सिरिलोच्या कानात मनातलं सांगायची रीत जुनीच. बुवा पडद्याबाहेर थांबायचे, त्यामुळे बायका बिनधास्त बोलायच्या. पण गेला महिनाभर या बायकांच्या फोनवर निनावी धमक्या येत होत्या. 'तुझ्या पोरीनं पोट पाडलंय. सिरिलोला मेंढी वाहा, नाहीतर चौकात सांगेन.' पोलिसांनी हात झटकले. बुवांच्या अंगणात मेंढ्या मावेनात.

आज बुवांनी डोळे फिरवले आणि गुन्हेगार सांगून टाकला. "सिरिलो म्हणतो, आपी विकणारी पास्कुआला!"

"तरीच!" फळवाली रेमेदियोस किंचाळली. "सगळ्यांना धमक्या आल्या, हिलाच तेवढी नाही!"

झालं! चोरांना धाक म्हणून दिव्याच्या खांबाला पेंढ्याची बाहुली टांगलेली असते, तिला कुणीतरी पास्कुआलाची शाल गुंडाळली. मक्याच्या गरम आपीचं पातेलं लाथेनं उलथवलं. दुपारपर्यंत चालती हो, नाहीतर घरासकट जाळू, असं तिला बजावलं.

शाळेतल्या एर्मिनियाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हीच पास्कुआला त्यांच्या शाळेतल्या उपाशी पोरांना फुकट आपी पाजायची.

"मावशी, तू कधी सिरिलोच्या कानाशी लागलीस?"

"मी कशाला लागू? मला जे बोलायचं ते मी माणसाच्या तोंडावर बोलते."

बाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्या मुकाट्यानं रांगेत उभ्या राहिल्या. निरोप कळवायला म्हणून बुवा सगळ्यांचा फोन नंबर घ्यायचे, तसा त्यांनी बाईंचाही घेतला. पडद्याआड बाई कवटीच्या कानात काहीतरी पुटपुटल्या.

दुपारी लोक रॉकेलचे डबे घेऊन पास्कुआलाच्या दाराशी जमले. बुवा सिरिलोला कडेवर घेऊन पुढे होते. तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. त्या स्टुलावर चढल्या आणि मोठ्यानं वाचू लागल्या, "'तुझ्या डाव्या पायाला सहा बोटं आहेत. मेंढी वाहा, नाहीतर होणाऱ्या नवऱ्याला सांगेन.'"

"अगंबाई! बाई, खरंच सहा?" गर्दीतली एक जण म्हणाली.

बाईंनी बूट काढला, मोजा काढला. "मोजा."

पाच निघाली.

"ही थाप मी जगात एकालाच सांगितली. या सिरिलोला!" असं म्हणत त्यांनी कवटीची कानटोपी ओढून काढली. आत टाळूला चिकटपट्टीनं फोन बांधलेला होता आणि त्यावर कॉल चालू होता.

"रेमेदियोस, बुवांची हॅट काढ गं."

हॅटखाली बुवांच्या कानात बारीक इयरफोन होता. रेमेदियोसनं तो ओढून आपल्या कानात घातला. बाई कवटी घेऊन गल्लीच्या टोकाला गेल्या आणि हळूच काही बोलल्या.

"'रुफिनो चोर आहे'," रेमेदियोस म्हणाली. "ऐकू आलं गं मला! आपणच सांगत होतो आणि आपणच घाबरत होतो!"

लोक आता डबे घेऊन बुवांकडे वळले.

"खबरदार!" बाई कडाडल्या. "याला पोलीस बघतील. तुमचं काय? मघाशी एक बाई जाळायला निघालात, आता बुवा जाळता? धमकी आली की एवढंच विचारायचं, ही गोष्ट कुणाकुणाला ठाऊक होती? त्याला मेलेल्याची कवटी लागत नाही, स्वतःची पुरते. या बिचाऱ्या सिरिलोचा काय दोष? डोकं रिकामं असायला तो निदान मेलेला तरी आहे!"

रेमेदियोस शाल काढायला खांबाकडे धावली.

"हात लावू नकोस," पास्कुआला म्हणाली. तिनं स्वतः स्टूल नेलं, शाल सोडवली, झटकून खांद्यावर घेतली.

"बावीस वर्षं माझ्या हातचं पिताय," ती म्हणाली. "कवटीला विचारलंत. मला विचारलं का कुणी, 'पास्कुआला, तू पाठवलंस का?'"