उरलेला रस्सा

मित्राच्या रामेनच्या दुकानात गेंजिरोने दोन्ही हातांनी वाडगा तोंडाला लावला, शेवयांखालचा सोया सॉसचा काळसर रस्सा तळापर्यंत संपवला आणि रिकामा वाडगा वरच्या फळीवर ठेवला. मग पाण्याचा जग ओढला.

"बघितलंस?" तोकुझो लेकीला म्हणाला. "सकाळी सातला रामेन खायला येतात, थेंब ठेवत नाहीत. आणि तू म्हणतेस दुकान बंद करा!"

मिकिए सेंदाईहून वडिलांना न्यायलाच किताकाताला आली होती. आई वसंतात गेली. तोकुझोचे पाय सुजत, कंबर धरे. तरी पहाटे उठून तो हाडं उकळत ठेवायचा. एका आजारपणात त्याची चव गेली ती आलीच नव्हती. रोज बायको रस्सा चाखून सांगायची, आणि हे घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. आता वाडगे रिकामे परत येत होते, तेवढ्यावरच तो तग धरून होता.

मिकिएने स्वतःसाठी वाडगा घेतला. एक घोट घेऊन चमचा खाली ठेवला.

"बाबा, तोंडात धरवत नाही इतका खारट आहे."

तोकुझोने गेंजिरोकडे पाहिलं. तो पुन्हा ग्लास भरत होता.

"कधीपासून?"

"वहिनी गेल्यापासून." गेंजिरोने मान खाली घातली. "आम्ही सगळ्या गिऱ्हाइकांनी ठरवलं होतं. वाडगा भरलेला परत गेला तर तू हाय खाशील."

"अरे मूर्खा, तुला रक्तदाब आहे!"

"मग काय करू? तुझं पडलेलं तोंड बघवत नाही."

तोकुझो स्टुलावर बसला. बायकोला निरोप दिला त्या दिवशीही तो इतका थकला नव्हता. राग आला तो स्वतःचाच. गावाला खारं पाणी पाजून वर तो मिरवत होता. दुकान बंद करायचं म्हणून मिकिए दारावरचा कापडी पडदा उतरवायला उठली.

"राहू दे," तो तिला म्हणाला. मग गेंजिरोकडे वळला. "उद्यापासून रस्सा उरवत जा. जेवढा खारट, तेवढा उरव. सगळ्यांना सांग."

"तुझ्या डोळ्यांदेखत? बरं दिसतं का ते?"

"मला दुसरी जीभ नाही रे."

दुसऱ्या दिवशी सकाळी गेंजिरोने अर्धा वाडगा तसाच ठेवला आणि नजर चुकवून बसला. तोकुझोने वाडग्यात डोकावून पाहिलं, पुढच्या वाडग्यात सोयाची पळी अर्धीच ओतली, आणि गेंजिरोसमोर कमरेत वाकला.