सासूबाईंच्या कानाचं माप

ही गोष्ट खरी मानणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे, आणि आलाच तर घरचे त्याला एकट्याला बाजारात पाठवणार नाहीत. तरी सांगतो.

एक रेडिओ मिस्त्री होता. बिघडलेल्या अँप्लिफायरला नुसता कान लावून तो सांगायचा, आतला कुठला भाग जळाला आणि जळायच्या आधी त्याचं शेजारच्याशी काय वाजलं होतं. आणि अशा तिखट कानाच्या माणसाच्या घरात सासू राहायला आली, ती ठार बहिरी!

सासूबाई दिवसभर रेडिओ लावत आणि बटण पार शेवटपर्यंत पिळत. बातम्या सुरू झाल्या की फडताळातल्या कपबशा थयथयाट करत. वरच्या मजल्यावर घरमालक, मध्ये फक्त लाकडी तक्तपोशी. एके दिवशी सकाळीच मालक मिशीला पीळ देत खाली उतरले.

"मिस्त्री, आमच्या घरात मी म्हणेन ती पूर्व दिशा. संध्याकाळी चहाला येतो. रेडिओ कानाला टोचला, तर सामान बांधायला घ्या."

मिस्त्रीला जागा सोडणं परवडणारं नव्हतं. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत संसार. जागा गेली की दोन्ही रस्त्यावर.

सोपा उपाय त्याने आधीच करून पाहिला होता. पण हेडफोन पुढे करताच सासूबाई कडाडल्या होत्या, "डोक्याला लगाम घालून घ्यायला मी काय टांग्याची घोडी आहे, जावईबापू?"

उरला इक्वलायझर, म्हणजे जाडे आणि बारीक आवाज वेगवेगळे कमीजास्त करणारं सर्किट. म्हातारपणी कान एकदम जात नाहीत, आधी बारीक आवाज गळतात. 'स', 'त', 'क' अशी धारेची अक्षरं जातात आणि नुसता जाडा घुमार मागे राहतो. माणूस बटण पिळतो. वाढतो तो घुमार, कळत काहीच नाही. तेव्हा घुमार दाबायचा, धार उचलायची, म्हणजे एकूण आवाज उतरवता येतो. धार किती उचलायची ते ठरवणार एक तांदळाएवढा रेझिस्टर. तो वाटेवरचा नाकेदार. त्याचा आकडा लहान, तर धार जास्त. मोठा, तर कमी.

मिस्त्रीने त्या जागी आधी एक फिरता रेझिस्टर डकवला. फिरवत जायचं, सासूबाईंना नीट ऐकू आलं की थांबायचं, मीटरने आकडा बघायचा आणि तेवढाच पक्का रेझिस्टर बसवून टाकायचा. फिरता तसाच ठेवायची सोय नव्हती. सासूबाईंच्या हाती बटण म्हणजे माकडाच्या हाती कोलीत.

माइक जोडून तो म्हणाला, "सात."

"हात," मागच्या खोलीतून सासूबाई म्हणाल्या.

त्याने जरासं फिरवलं. "सात!"

"लाथ."

बायको तोंड फिरवून हसली. मिस्त्रीने तिच्याकडे असं पाहिलं की ती हातातलं फडकं उगाचच झटकू लागली. त्याने आणखी फिरवलं. "सात!"

"सात. ओरडता कशाला?"

जिन्यावर पाय वाजले. मिस्त्री ताडकन उठला. दूधवाला होता. परत बसला, घाईघाईने मीटरच्या दोन सुया टेकवल्या. दोन पॉइंट नऊ किलोओहम. डब्यातून जुळणी करून रेझिस्टर बसवला, रेडिओ सुरू केला, आणि पहिल्याच 'स'ला मांजर कपाटाखाली शिरलं. निवेदक बोलतोय की चिमट्याने दात उपटतोय, काही कळेना.

"आई, आता?" मिस्त्रीने हाक दिली.

"काय बाई, मला तर काहीच येत नाही ऐकू."

झालं! मिस्त्री उठला, खिडकीशी गेला, परत आला, बसला, पुन्हा उठला. सोल्डरचा धूर नाकात, घाम मानेवर. मघाशी ऐकू आलेलं आत्ता कसं येत नाही? डाव्या पायाची चप्पल उजव्या पायात घालून तो खोलीभर फिरत राहिला.

"बसा की जरा," बायको म्हणाली. "भोवऱ्यासारखे काय फिरताय?"

"भोवरा निदान एका जागी फिरतो," तो अगदी खालच्या आवाजात पुटपुटला. "हाही चहा गार झाला बघ."

"गरम करून दे गं त्यांना," मागच्या खोलीतून आवाज आला.

बायको चहा घेऊन आत गेली. मिस्त्रीचं तिकडे लक्षच नव्हतं. त्याची नजर काढून ठेवलेल्या फिरत्या रेझिस्टरवर खिळली होती आणि त्याच क्षणी त्याने कपाळावर हात मारून घेतला. माप घेताना त्याने रेझिस्टरचे पाय सर्किटमधून सोडवलेच नव्हते! काट्यावर बसवलेल्या माणसाने जमिनीला पाय टेकले तर वजन कमीच भरणार. तसा शेजारच्या भागांनी त्याचा थोडा भार उचलला, आकडा कमी भरला आणि मीटर खोटं बोललं. शिकाऊ पोराने केलं असतं तर मिस्त्रीने त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. आता स्वतःच्या उद्धरल्या, त्यातही सासरकडच्या आधी.

सुट्ट्या रेझिस्टरला मीटर लावलं. पाच पॉइंट तीन. नशीब, काढून ठेवताना त्याची दांडी जागची हलली नव्हती. पण पाच पॉइंट तीनचा रेझिस्टर बाजारात सहज मिळत नाही. चार पॉइंट सातचा, म्हणजे चार हजार सातशे ओहमचा एक घेतला, त्याच्या शेपटीला पाचशे साठ ओहमचं पिल्लू जोडलं, की भागलं. घाईघाईने सोल्डरचा डाग दिला. जिना पुन्हा वाजला. या वेळी पाय जड होते.

मालक आत आले, खुर्चीवर बसले, भुवया वर करून म्हणाले, "रेडिओ बंद करून ठेवलात? मला काय दूधखुळा समजता?"

"चालू आहे, मालक. कान जवळ आणा."

मालक वाकले. एवढासा आवाज, पण अक्षर न् अक्षर मोत्यासारखं. त्यांच्या मिशीची टोकं हळूहळू खाली आली.

मिस्त्रीच्या अंगात वारं शिरलं. "ही माझी करामत! मुंगीला जागं करणार नाही एवढा आवाज, पण ठार बहिऱ्या माणसाच्या कानात घंटेसारखा वाजतो. आमच्या आईंना काल तोफ ऐकू आली नसती. आज मागच्या खोलीत बसून सगळं ऐकतायत. मोजून मापून रेझिस्टर बसवलाय, त्यांच्याच कानाच्या मापाचा!"

"वा!" मालकांनी कप खाली ठेवला. "मग मिस्त्री, जागा तुमचीच. आवाज कायम एवढाच राहू दे. माझा शब्द म्हणजे..."

"खोटं! साफ खोटं!" सासूबाई दारात येऊन उभ्या होत्या. "मी कधी होते हो बहिरी, जावईबापू? मला भिंतीवरच्या पालीची पावलं ऐकू येतात. रेडिओ पिळून ठेवते तो वरच्या मजल्यावरचं ऐकावं लागू नये म्हणून. काल मालकीणबाईंनी तुम्हाला उठाबशा काढायला लावल्या ना, मालक? मधल्या मधल्या तुम्ही न काढताच मोजल्यात. आता तुम्हीच सांगा, हा आवाज असाच बारीक ठेवू, की वाढवू?"