लोखंडी सैनिकाचा आचारी

"मला एवढंच सांग," हम्माद वरून ओरडला, "ह्याला ग्रीस कोण घालतं?"

तो त्या लोखंडी सैनिकाच्या काखेत बसला होता. जमिनीपासून वीस फुटांवर, शिडीत एक पाय अडकवून. खाली मिशाल हातात टॅब धरून उभा होता आणि टॅबवरचं चित्र समोरच्या लोखंडाशी ताडून पाहत होता.

"कोणी नाही घालत," मिशाल म्हणाला. "ती गोष्ट आहे."

"पंचवीस फुटांचं यंत्र. पळतंय, उड्या मारतंय, तलवार फिरवतंय. आणि अख्ख्या मालिकेत एकाही शिपायाला ग्रीसगन हातात घ्यावीशी वाटली नाही? पहिल्याच लढाईत ह्याचा खांदा जाम व्हायला पाहिजे."

"मुअल्लिम, ते ग्रीसचे निप्पल तेवढे आत घे. चित्रात नाहीत."

"चित्रात अक्कलही नाही," हम्माद मराठीत पुटपुटला आणि हात उचलणाऱ्या जॅकला लावलेल्या नव्या होस पाइपचा नट आवळू लागला.

दोघांचं बोलणं अरबीत चाले. हम्मादची अरबी एकोणीस वर्षांची होती, पण सगळी यार्डात शिकलेली, त्यामुळे तिच्यात क्रियापदं कमी आणि शिव्या जास्त. मुअल्लिम म्हणजे उस्ताद. मिशाल पहिल्या दिवसापासून त्याला मुअल्लिम म्हणे आणि हम्मादला त्यातही लबाडीच दिसे.

यार्ड रियाधच्या कडेला, अल सुलैला होतं. क्रेन आणि पोकलेन भाड्याने द्यायच्या, मोडल्या की दुरुस्त करायच्या, हा तिथला सरळ धंदा. पण थंडीत रियाधला मोठा महोत्सव भरणार होता, आणि एका जुन्या जपानी मालिकेतला यंत्रसैनिक तिथे उभा करायचं कंत्राट हम्मादच्या कफीलने, म्हणजे यार्डाच्या मालकाने, अंगावर घेतलं. पोकलेनवाल्याला खेळणी बनवायची दुर्बुद्धी का व्हावी, हे हम्मादला शेवटपर्यंत कळलं नाही. त्याने भंगारातल्या पोकलेनच्या बूमचा उजवा हात केला, त्याला चारशे किलोचा पंजा लावला. महोत्सवात हा सैनिक हात उचलून सलाम करणार होता. मालिकेत म्हणे तो मेलेल्या साथीदारांना असाच सलाम करतो.

मिशाल सव्वीस वर्षांचा. तो आला तेव्हा सरकारी नियमापेक्षा कंपनीत सौदी माणसं कमी भरत होती, आणि तेवढी भरल्याशिवाय कोणाचाच इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, पुढे सरकेना. म्हणजे मिशाल आला म्हणून हम्मादचा इकामा वाचला. आणि मिशाल काम शिकला की हम्मादची गरज संपणार होती. मॅनेजर हरीश नाशिकचा इंजिनियर. त्याने ही गोष्ट फार गोड आवाजात सांगितली होती: "हम्मादभाई, सहा महिन्यांत याला तयार करा. मग तुम्हीही घरी जाऊन जरा आराम करा."

आराम! बाणकोटला बायको नूरुन्निसा होती, आणि रत्नागिरीच्या हॉस्टेलवर मुलगी झेबा. झेबाची फार्मसी पुरी व्हायला तेव्हा आठ महिने होते. आठ महिने इथे टिकायचं, बाकी जगाचं काहीही होवो, एवढंच हम्मादने ठरवलं होतं. त्यासाठी त्याने उपायही शोधला होता. मिशालला शिकवायचं, पण अर्धं. नळी कशी जोडायची ते दाखवायचं. जोडल्यावर जॅकमध्ये अडकलेली हवा कशी काढायची, ते नाही. मिशाल साडेअकराला कॉफी आणायला गेला की हम्माद नट सैल करी, हवा सोडून देई आणि नट पुन्हा आवळून मोकळा होई. चार महिने झाले, मिशालला हवेचा वासही लागला नव्हता. "ह्याच्या डोक्यात जागाच न्हाय," हम्माद कामगारांच्या कॅम्पात सांगे. "सगळी जागा त्या कार्टूनने खाल्लीय."

कार्टून म्हटलेलं मिशालला खपत नसे. एका शुक्रवारी, जुम्म्याच्या नमाजनंतर, तो मुद्दाम कॅम्पात येऊन मालिकेचा पेनड्राइव्ह देऊन गेला. बिर्याणी खाऊन सगळे टीव्हीपुढे पसरले. पडद्यावर कोवळी पोरं गणवेश घालून यंत्रांत चढत होती, आकाशात उडत होती, मरताना लांबलचक बोलत होती. कॅम्पाचा खानसामा शौकत डोळे पुसायला लागला.

"काय रडतोस रे?" हम्माद खेकसला. "तो मेला कशामुळं? उडायच्या आधी कोणी तेल बघितलं काय? आणि हे मोठे लढवय्ये! बटण दाबतात. आमच्याकडं ऑपरेटर दाबतो तसंच."

"हम्मादभाय, वायच गप बसा ना."

हम्माद गप्प बसला नाही. नाकाने कांदे सोलण्यात त्याचा हात कोणी धरला नसता. ज्याला पाना धरता येत नाही तो माणूसच नव्हे, या एका मापाने तो हरीशला, कफीलला, मिशालला आणि जपान्यांनाही मोजत असे. आणि त्या मापाने यार्डात तो एकटाच माणूस उरे.

आज होसचा नट आवळून त्याने घड्याळ पाहिलं. अकरा वाजले होते. अर्ध्या तासाने मिशाल कॉफीला जाईल, मग हवा काढू, असं म्हणून तो शिडी उतरला. इतक्यात क्रेनचा भोंगा तीनदा वाजला.

तीन भोंगे म्हणजे तफ्तीश. कामगार खात्याचा माणूस फाटकाशी आला होता.

मग यार्डात जे चालू झालं ते त्या जपान्यांनाही सुचलं नसतं. कफीलने वर्षानुवर्षं जो व्हिसा हाताला लागेल त्यावर माणसं आणली होती. त्यामुळे इकाम्यावर एक धंदा आणि हातात दुसरा. भोंगा वाजला की ज्याने त्याने इकाम्यावरचा धंदा धरायचा, हा यार्डाचा कायदा. रंगारी कागदावर मेंढपाळ होता. यार्डात मेंढ्या नसल्यामुळे तो मागच्या भिंतीवरून उडी मारून गेला. शौकत कागदावर मेकॅनिक, तो एप्रन सोडत धावत आला. आणि यार्डातला सगळ्यांत जुना मेकॅनिक हम्माद कागदावर तब्बाख होता, म्हणजे आचारी.

"धरा," शौकतने कांद्याचा वास मारणारा एप्रन त्याच्या गळ्यात अडकवला आणि त्याच्या हातातला पाना घेतला. "सुलेमानी चाय ठेवलीय चुलीवर. उकळली की लगेच काढा हां, न्हायतर कडू व्हते."

"पाना उलटा धरलास, गाढवा."

आचाऱ्याच्या इकाम्यावर मेकॅनिकी करताना सापडला तर दंड कंपनीला आणि विमान हम्मादला. आठवड्याच्या आत. आठ महिन्यांचा बेत तिथेच संपला असता. म्हणून तो मुकाट्याने किटली आणि पेले घेऊन दाराशी उभा राहिला.

तपासनीस पंचेचाळिशीचा, पोट सुटलेला. त्याने ओळीने इकामे पाहिले, हम्मादचा एप्रन पाहिला, मान हलवली. मग त्याची नजर वर गेली. तो थांबला. त्याने गॉगल काढला.

"हा इथे?" तो म्हणाला. "आम्ही सात भाऊ होतो. संध्याकाळी हा टीव्हीवर आला की घरात कोणी हलत नसे." आणि यार्डाच्या मधोमध तो त्या मालिकेचं गाणं गुणगुणू लागला.

हम्मादच्या कपाळावर आठी पडली. केस पिकायला आलेला सरकारी माणूस, आणि हे चाळे!

"हात उचलतो का हा?"

"उचलतो साहेब," हरीश पुढे झाला. "आमच्या मिशालने बनवलाय. सगळं सौदी काम!"

हम्मादने ते ऐकलं. किटलीचा कान त्याने घट्ट धरला.

मिशालने लिव्हरकडे जाताना एकदा हम्मादकडे पाहिलं. विचारल्यासारखं. हम्माद किटलीकडे बघत राहिला. जॅकमध्ये हवा आहे हे त्याला माहीत होतं. हात वर जाताना चार गचके खाईल, मोठ्या साहेबापुढे पोराचं थोबाड उतरेल. उतरू दे. खरं सांगायचं तर त्याला आतून बरं वाटलं.

हात उठला. खांद्यापर्यंत गेला आणि थरथरायला लागला. मग वीतभर खाली आला, पुन्हा वर गेला. पंप खडखडत होता. मिशाल गोंधळून लिव्हर आणखी जोरात ओढू लागला. आणि तेवढ्यात तपासनीसाने आपला फोन हरीशच्या हातात दिला, "सलाम करताना घे," म्हणाला आणि जाऊन बरोबर त्या पंज्याखाली उभा राहिला.

पंजा हातभर घसरला. होस पाइप फुगून नटापाशी उडू लागला.

हम्मादने किटली टाकली. मिशालला खांद्याने बाजूला सारून त्याने लिव्हर मधोमध आणला, तसाच शिडीवर चढला आणि जॅकच्या तोंडाचा कॉक फिरवून बंद केला. पंजा तपासनीसाच्या डोक्यावर चार हातांवर थांबला. तो माणूस खाली अजून हसऱ्या तोंडाने उभा होता. वर बघितल्यावर त्याचं हसू गेलं.

हम्माद खाली उतरला. एप्रनवर काळं तेल उडालं होतं.

"तू तर तब्बाख ना?" तपासनीसाने विचारलं.

"हो साहेब."

"मग कुठला कॉक बंद करायचा ते तुला कसं कळलं?"

हरीश पांढरा पडला. शौकतच्या हातातला पाना खाली पडला. कधी नव्हे ते हम्मादची शिव्यांची अरबीसुद्धा संपली.

"मी शिकवलं," मिशाल म्हणाला.

"आचाऱ्याला?"

"हो. स्वयंपाकघर शेजारीच आहे. काही झालं तर कॉक बंद करायला सगळ्यांना शिकवून ठेवलंय."

तपासनीस हम्मादकडे वळला. "खरं आहे?"

एकोणीस वर्षं. याच यार्डात त्याने इंजिनं उलगडली होती, उन्हाळ्यात तापलेल्या बूमवर पोट टेकून सीलं बदलली होती. हात बघितला असता तरी कोणालाही कळलं असतं. त्याने हात एप्रनखाली घेतले.

"खरं आहे साहेब," तो म्हणाला. "यांनीच शिकवलं."

"किती दिवस लागले?"

"फार नाही. हे चांगलं शिकवतात."

तपासनीस खूश झाला. त्याने मिशालची पाठ थोपटली. आपल्या पोरांनी असंच पुढे यावं, हातात हुन्नर घ्यावा, बाहेरच्यांनाही शिकवावं, असं बरंच काही बोलला. हरीश प्रत्येक वाक्याला मान डोलवत होता. शौकतने धावत जाऊन चुलीवर उरलेली सुलेमानी पेल्यात ओतून आणली. तपासनीसाने एक घोट घेऊन तोंड वाकडं केलं.

"हा चहाही तुलाच शिकवावा लागेल ह्याला," तो मिशालला म्हणाला. सगळे हसले. हम्मादही हसला. हसताना त्याला वाटलं, आत्ता कोणी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

गाडी गेली. एक भोंगा झाला. मेंढपाळ भिंतीवरून परत आला, शौकत आपल्या चुलीकडे गेला, हरीश पाणी प्यायला आत गेला. हम्मादने एप्रन काढून घडी घातली आणि सैनिकाच्या पायाशी बसला. थोड्या वेळाने मिशाल येऊन शेजारी बसला. त्याने टॅबवर काहीतरी शोधून वाचलं.

"नळीत हवा होती का?" त्याने विचारलं.

"होती."

"तुला माहीत होतं?"

"नळी मीच घातली."

"माणूस मेला असता, मुअल्लिम. माझ्या हातून."

हम्मादकडे बोलायला तयार ठेवलेलं पुष्कळ होतं. तू विचारलं नाहीस, तू टॅबमध्ये बघत होतास, तुला वेळ कुठे असतो. त्यातलं एकही तोंडातून निघेना.

"'मी शिकवलं' म्हणालास त्याला," तो शेवटी म्हणाला. आवाजात राग आणायचा होता, तो आला नाही.

"मग काय म्हणू?" मिशाल म्हणाला. "तू तर मला काही शिकवलंच नव्हतंस."

दुसऱ्या कोणी हे म्हटलं असतं तर हम्मादने त्याचे बापजादे काढले असते. तो खाली बघत बसला. ज्या पोराला चार महिने दगड समजत होतो, त्याला सगळं कळत होतं, कधीपासून कोण जाणे. आणि तरी तो साहेबापुढे खोटं बोलला. हम्मादला त्याची लाज वाटली नाही. स्वतःची वाटली, आणि ती लपवायला जागा नव्हती.

"शिकला असतास तर मी घरी गेलो असतो," तो म्हणाला. "पोरीचं शिक्षण राहिलंय."

मिशालने मान हलवली.

"सतरा नंबरचा पाना आण," हम्माद उठला.

मिशालने पाना आणून त्याच्यापुढे धरला. हम्मादने घेतला नाही. "वर चढ," म्हणाला आणि शिडी धरून उभा राहिला. "त्या नटाला पाव फेरा सैल कर. पाव म्हणजे पाव. आता मी लिव्हर हळू ढकलतो. काय येतंय?"

"फेस."

"येऊ दे. पुसू नकोस."

मिशालच्या पांढऱ्याशुभ्र बाहीवरून फेस ओघळत राहिला. मग फुगे कमी झाले, मग थांबले, आणि नटातून सरळ तेल येऊ लागलं.

"साफ झालं," मिशाल वरून म्हणाला.

"आवळ."

एवढंच होतं. चार महिने जपलेली गोष्ट पाच मिनिटांत संपली. हम्मादने लिव्हर ओढला. हात सरळ वर गेला, एक गचका नाही, आवाज नाही. मिशाल वरून त्याच्याकडे लहान पोरासारखा बघत होता.

"अजून काय राहिलंय?" त्याने विचारलं.

हम्मादने मनात शोधून पाहिलं. फार काही राहिलं नव्हतं. "पंप," तो म्हणाला. "उद्या सकाळी खोलू. आठ वाजता ये. साडेदहाला नाही."

"किती दिवस लागतील?"

पंप शिकायला दोन दिवस पुरतात.

"चार लागतील," हम्माद म्हणाला.