जित्या पावलाचा ठसा

तानाबाई दारात उभी राहिली की त्या घरातल्या बायका धसकायच्या. तशी बाई साधी, बोलायला मऊ, कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण हिंगणघाटात तिला बोलावणं जायचं ते एकाच कामासाठी. घरातलं म्हातारं माणूस आता जाणार असं दिसलं की त्याच्या पावलाचा ठसा कागदावर उतरवून घ्यायचा. त्यामुळे ती नुसतं विरजण मागायला गेली तरी लोक आधी वळून आपल्या म्हाताऱ्यांकडे बघायचे. आता यात त्या बिचारीचा काय दोष, सांगा!

तिचा नवरा जिनिंगमध्ये कापसाच्या गाठींवर शाईने निशाण्या उठवायचा. तो वारला, आणि शाईची विद्या तेवढी तिच्या पदरात टाकून गेला. दिव्याची काजळी जवसाच्या तेलात घोटायची, ओघळणार नाही इतपत दाट ठेवायची. जुन्या धोतराच्या मऊ फडक्यात कापूस बांधून बोळा करायचा. नवखं माणूस तो बोळा पायावर घासतं, मग कागदावर उमटतो नुसता चिखल. तानाबाई कधी घासत नसे. टाचेपासून बोटांपर्यंत हलक्या हाताने टिपत जायची, मग जाड हातकागद तळव्याला लावून वरून दाबायची. टाचेच्या भेगासुद्धा उमटायच्या, आणि घरची माणसं त्या भेगा पाहून हमसून रडायची. ठसा वाळला की कडेने चिंचेची पानं मांडायची, नारळाच्या काथ्याने निळ्या शाईचे बारीक तुषार उडवायचे, पानं उचलली की खाली पांढरी नक्षी. वर पताकांच्या कागदाची फुलं चिकटवायची. लोक तो कागद काचेत मढवून देवाजवळ लावत, आल्यागेल्याला कौतुकाने दाखवत. ठसा घरात आणि ठसा घेणारी दाराबाहेर! बारशाला तिला बोलावणं नाही, डोहाळजेवणाला नाही, आणि विधवा म्हणून हळदीकुंकवाला तर नाहीच नाही.

एक कौशल्याबाई तेवढी तिला भीत नव्हती. किराणा दुकानवाल्या रूपरावची ही आई. तिच्या नवऱ्याच्या पावलाचा ठसा तानाबाईनेच घेतला होता, आणि तेव्हापासून दोघींचं सूत जमलं. दुपारी जेवणं आटोपली की कौशल्याबाई पदरात फुटाणे घेऊन यायची आणि भिंतीला टेकून पाय पसरून बसायची.

"काऊन वं ताने, माह्या पायाकडे काऊन पाहून राह्यली?" ती म्हणायची. "अजून वेळ हाये त्याले!"

आणि दोघी पोट धरून हसायच्या. दिवसभरात तानाबाईच्या घरात माणसाचा आवाज घुमायचा तो तेवढाच.

रूपरावला मुलगा झाला तेव्हा तानाबाईच्या मनात एक गोष्ट आली, आणि आली ती जाईचना. शेवटी तिने बोलूनच टाकलं.

"कौशल्या, आजवर मी सगळे जाणाऱ्याचेच पाय हातात घेतले. मले एकदा जित्या पावलाचा ठसा घेऊ दे. तुह्या नातवाचा."

"अवं घेजो ना! नातू माहा हाये, कोण नाई म्हणते?"

झालं! तानाबाईच्या अंगात वारं शिरलं. लेकराच्या कातडीला तेलातली काजळी कशी चालेल? तिने आळता गोंदाच्या पाण्यात कालवून लाल शाई केली. मलमलीचा अंगठ्याएवढा बोळा बांधला. आपल्याच गालावर टिपून पाहिला, टोचत नाही ना म्हणून. गालावर लाल ठिपके घेऊन बाई आरशात बघून एकटीच हसत बसली.

पण बारसं होऊन गेलं तरी बोलावणं आलं नाही. आली ती कौशल्याबाई, खाली मान घालून.

"कांता आयकत नाई वं," ती म्हणाली. कांता म्हणजे तिची सून. "तानामावशीचा हात माह्या लेकराच्या पायाले लागू देणार नाई, म्हणते."

"जाऊ दे," तानाबाई म्हणाली. "माय हाये ते. तिले भेव वाटनच."

तोंडाने म्हणाली खरी, पण तिला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. त्या दिवशी फुटाण्यांना कोणी हात लावला नाही.

त्यानंतर कौशल्याबाई येईनाशी झाली. तानाबाईला वाटलं, शरमली असेल. दुपारी ती दार उघडं ठेवून बसायची. वाटेने कोणी आलं की मान उंच करायची, आणि येणारा तिला पाहून भराभर पावलं उचलायचा. आपण जाऊन यावं असं रोज मनात यायचं. पण तिने जायचं म्हणजे त्या घरात घबराट! ती गेली नाही.

अशाच एका दुपारी रूपराव दारात येऊन उभा राहिला. त्याला पाहताच तानाबाईचं काळीज सुपाएवढं झालं. कांताने शेवटी ऐकलं! ती लगबगीने उठली, आळत्याची वाटी उचलली.

"आलीच रे बाबा! पोरगं झोपलं हाये ना? ठसा झोपेतच घेतलेला बरा."

रूपराव खाली पाहत म्हणाला, "मावशी, काळी शाई घ्या. मायचं काई खरं नाई. आठवडा झाला ताप उतरत नाई."

वाटी हातातच राहिली. कौशल्या तापाने फणफणत होती आणि हिला कोणी कळवलंसुद्धा नव्हतं. कोण कळवणार? तिला कळवायची वेळ शेवटचीच असायची. काय घेतलं, काय ठेवलं याचं भान तिला उरलं नाही. पिशवीत दोन्ही शाया गेल्या.

कौशल्याबाई बाजेवर पडली होती, तोंड सुकून एवढंसं झालेलं. पण शुद्ध होती.

"आली का वं ताने. शेवटी लागलीच मी तुह्या हाती."

तानाबाईने तो ओळखीचा पाय मांडीवर घेतला आणि काळ्या बोळ्याने टिपायला लागली. कसाबसा ठसा घेतला, आणि तो चांगला आला.

"थांब, उठू नको," कौशल्याबाई म्हणाली. "कांता, पोराले आण. माह्या पायाजवळ त्याचा पाय पाह्यजे, याच कागदावर. मंग मी जायले मोकळी."

कांताने लेकरू छातीशी घट्ट धरलं. पण घर माणसांनी भरलेलं, आणि जाणाऱ्याचा शब्द मोडायचा कसा? ती आली. पोराचा पाय तानाबाईच्या हातात देताना तिने डोळे मिटून घेतले.

केवढं ऊन ऊन होतं ते पाऊल! लोण्याचा गोळाच. लाल बोळा लागताच पोराने बोटं फाकवली आणि अशी लाथ झाडली की ठसा म्हातारीच्या तळव्याच्या खोलगट कडेला अगदी चिकटून पडला. तानाबाईला खुदकन हसू आलं. त्या घरात, तशा वेळी! सगळे तिच्याकडे रागाने पाहायला लागले. बाजेवर कौशल्याबाई मात्र हसत होती. कांताने पोराला ओढून घेतलं आणि त्याचा पाय पदराने खसाखसा पुसून काढला.

दिवेलागणीच्या आत कौशल्याबाई गेली. तानाबाईला बस म्हणून कोणी म्हटलं नाही. कागद तिथेच वाळत ठेवून ती घरी आली.

तेरवी झाल्यावर कांता आली. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली आणि घडी केलेला कागद पुढे केला.

"मावशी, हे तुमच्यापाशीच राहू द्या. मेलेल्या माणसाच्या कागदावर लेकराचं पाऊल कसं ठेवू? मी कापून काढलं. सासूबाईचा ठसा मढवाले देला. हे जाळाले मात्र जीव होत नाई."

"बरं केलं बाई," तानाबाई म्हणाली. खरंच रागावली नाही ती. आईचं मन तिला कळत होतं, आणि आपल्या घरात येणारं हे पहिलंच जितं पाऊल आहे, हेही कळत होतं.

कांता गेल्यावर तिने घडी उलगडली. लालचुटूक पाऊल. लेकराची बोटं बाईमाणूस मोजतंच, तशी तिने मोजली. चारच भरली. पुन्हा मोजली. कांताने घाईत कात्री सरळ चालवली होती, आणि करंगळी पलीकडे राहिली होती, म्हातारीच्या तळव्याच्या कुशीत. रूपरावच्या घरी तो ठसा आता काचेत जाईल, आणि बघणाऱ्यांना वाटेल, कोणी कुंकवाचं बोट लावलंय.

तानाबाईला हसू फुटलं. "अवं पाह्य वं—" म्हणत ती कौशल्या टेकून बसायची त्या भिंतीकडे वळली. हे सांगून पोट धरून हसावं असं साऱ्या हिंगणघाटात तिचं एकच माणूस होतं, आणि पोराची करंगळी त्याच माणसापाशी होती.