कोरडा पंप

रत्नाकररावांनी पान्याला शेवटचा हिसका दिला, इंजिन थंड ठेवायला नदीचं पाणी ओढणारा पंप फडक्यानं पुसला आणि नावेतून उतरून ते काठावर उभे राहिले. इंजिन फटफटत होतं. फिरता दांडा जिथून बाहेर येतो त्या पंपाच्या मानेतून आता एक थेंबही पडत नव्हता.

"सुनू, बघ अन् पास कर."

सुनेत्रा वेणी मागे टाकून नावेत चढली. ज्यानं काम केलं त्यानं ते पास करायचं नाही, हा बाबांच्या फॅक्टरीतला कायदा. तिथे ते आठवडाभर दुसऱ्यांच्या कामात खोट काढत. आज काम त्यांचं होतं, आणि रविवारी ग्वारीघाटावर दुसरा तपासनीस कुठून आणणार? म्हणून नववीतली लेक. मान डोलवायची नि उतरायचं.

लढाई सुरू झाल्यापासून फॅक्टरीत भरती वाढली होती; पलीकडच्या गावांतले कामगार याच नावेनं पाळीला येत. बाबांनी दोनदा गळती बंद केली होती. दोन्ही वेळा ती भर नदीत पुन्हा फुटली, पाणी न मिळाल्यानं इंजिन तापून बसलं. पाळी बुडालेल्यांनी फॅक्टरीच्या फाटकावर बाबांच्या नावानं बोटं मोडली होती.

"बाबूजी, अबकी टपका तो शहर से मिस्त्री ले आऊँगा," नावाडी झनक बर्मन विडी पेटवत म्हणाला. "फिर बुरा मत मानना."

बाबांनी पाना फडक्यात पुसला. कान तेवढे लाल झाले.

सुनेत्रानं मानेवर बोट टेकवलं आणि चटकन मागे घेतलं. मग गळती अडवायला मानेत ठासलेला, सकाळी उपसून काढलेला जुना दोर उचलला. जळक्या वातीसारखा काळा पडला होता. तिनं तो हुंगला. काठावर झनक कान टवकारून उभा. हो म्हणून टाकणं किती सोपं होतं.

"नापास."

झनकला ठसका लागला.

"काहून?" बाबांचा आवाज थेट फॅक्टरीतला.

"दोर जळून राहिला, बाबा. तुम्ही नट असा आवळता की आत ओल म्हणून राहत नाही. दांडा कोरडा घासतो, तापतो. आज कोरडं, उद्या बदाबदा. हात लावून बघा न."

बाबा नावेत आले. हात लावला, झटकला.

"आमच्याकडे थेंब दिसला की माल परत जातो," ते हळू म्हणाले.

"इथे दिसायलाच पाहिजे."

त्यांनी पाना तिच्या हातात दिला. तिनं नट जरासा सैल केला. मानेशी एक थेंब जमला, लोंबला, पडला. मग दुसरा.

"लो, बिटिया ने तो फिर टपका दिया."

"टपकने दो कक्का, इसको प्यास लगती है."

थोड्या वेळानं तिनं पुन्हा हात ठेवला. मान गार होती. पण हे काम आता तिचं होतं. पास करणं तिच्या हातात नव्हतं.

"तो बाबूजी, पास?" झनकनं विचारलं.

बाबा थेंबाकडे बघत राहिले.

"उस पार ले चल," ते म्हणाले, आणि पंपाकडे पाठ करून बसले. त्यांनी पोळीचा डबा उघडला. मधली धार आली, नाव हेलकावली, तरी ते वळले नाहीत.

"लोणचं दिलं का ग तुझ्या आईनं?"