काकांचा शेवटचा श्वास

धुलाई कारखान्याच्या इस्त्रीखान्यात चादरींच्या घड्या घालणारी घडीवाली धाडकन कोसळली आणि चाळीस माणसांना आनंद झाला. चमत्कार बघायला मिळणार होता.

"सरका गं! फुंकरबाबांना वाट द्या!"

फुंकरबाबा म्हणजे आपला बॉयलरवाला. इस्त्रीवाले काका याच फरशीवर गेले, तेव्हा तो त्यांच्या तोंडाशी वाकला होता. दुसऱ्या दिवशी त्याने जाहीर केलं, "काकांचा शेवटचा श्वास माझ्या छातीत आहे. गरजूंना थोडा थोडा देईन." तेव्हापासून तिघी घेरी येऊन पडल्या, तिघी त्याच्या फुंकरीने उठल्या. मॅनेजरसाहेबांनी प्रथमोपचाराची उजळणीच रद्द केली. "घरचा श्वास असताना बाहेरचा शिक्षक कशाला?"

बाबाने मिनिटभर मंत्र पुटपुटला. मग फुंकर. घडीवालीने डोळे उघडले. हवेत खोकल्याच्या गोळीचा वास दरवळला. काकांच्या तोंडाला यायचा, अगदी तोच. बायका मुसमुसल्या.

पेटीवाली मात्र थिजली. प्रथमोपचाराची पेटी तिच्या ताब्यात; भिंतीवर तिचं प्रमाणपत्र, मुदत संपून दोन वर्षं झालेलं. काका पडले तेव्हा ती त्यांच्या छातीशी बसली होती. कुठे दाबायचं? किती खोल? किती वेळा? तिला फक्त शिक्षकांच्या मिशा आठवल्या. आता तो वास आला की वाटे, काका पाठीशी उभे राहून विचारताहेत, "आठवलं का गं?"

आठवड्याने घडीवाली पुन्हा पडली. उपाशीपोटी, वाफेत, तासन्‌तास उभी. बाबा बॉयलरखोलीत होता.

"कुणी फुंकायचं नाही!" पेटीवाली ओरडली. तिने हाका मारल्या, श्वास चालू असल्याचं पाहिलं, पाय चादरींच्या गाठोड्यावर ठेवले. एवढं तिने आदल्या रात्री पुस्तकातून पाठ केलं होतं.

अर्ध्या मिनिटात घडीवाली उठली. "काय बघताय? तमाशा आहे का?"

तेवढ्यात बाबा धापा टाकत आला. "बघितलंत? तिथूनच फुंकलं!"

"आणि खिशात काय खुळखुळतंय?" पेटीवालीने विचारलं.

खिशातून डबी निघाली. खोकल्याच्या गोळ्या, काका चघळायचे त्याच.

"तो... श्वासाचा खुराक आहे," बाबा म्हणाला.

कुणीतरी फिस्सकन हसलं. घडीवाली हसली नाही. "मग काका का नाही उठले?"

"घेरी आलेलं माणूस आडवं झालं की डोक्याला रक्त मिळतं, ते आपलं आपण उठतं. मंत्र मिनिटभराचा होता तो त्यासाठीच. काकांचं हृदय थांबलं होतं. तिथे लगेच छाती दाबावी लागते, आणि ते हातांना आठवावं लागतं." पेटीवालीने प्रमाणपत्र खाली उतरवलं. "हे या भिंतीला येत होतं. मला नव्हतं."

मॅनेजरसाहेबांनी मान खाली घालून शिक्षकांना बोलवायला फोन उचलला.

उजळणीला सगळे आले, बाबासुद्धा. शिक्षक त्याला म्हणाले, "फुंकर दमदार आहे. पण आधी छाती तीस वेळा दाबा."

गेलेल्या माणसाचा श्वास कुणाच्या छातीत उरत नसतो, बाबांनो. उरतात आपले हात, आणि ते विसरतात. मुदत संपायच्या आत त्यांना पुन्हा शिकवा.

पेटीवालीने सरावाच्या पुतळ्याची छाती दाबली. टक. म्हणजे दाब पुरेसा खोल. टक. टक. पाठीमागून गोळीचा वास आला. तिने दचकून मागे पाहिलं.

काका नव्हते. गोळी चघळत बाबा रांगेत उभा होता.

"आटप की," तो म्हणाला. "मलाही शिकायचंय."